वाचकांचे प्रश्न : सुट्टी मे महिन्यातली, समुद्र कोणता?

मागील अंकात या सदरासाठी परदेश प्रवासाविषयीचे प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून आलेल्या बहुतेक पत्रांचे मागणे एकसारखे आहे : देश उबदार हवेचा असावा, समुद्रकिनारा स्वच्छ असावा, पाहण्यासारखे प्राचीन अवशेष असावेत आणि खर्च आवाक्यात राहावा. या मागण्यांत माझ्या मते श्रीलंका सर्वांत नेमकी बसते, म्हणून या वेळची पाचही पत्रे तिच्याविषयीची निवडली आहेत.

प्रश्न : आमची मुले नऊ आणि चौदा वर्षांची आहेत. त्यांना समुद्र हवा आहे आणि यजमानांना जुनी शहरे पाहायची आहेत. ग्रीस, कंबोडिया आणि श्रीलंका अशी तीन नावे घरात चर्चेत आहेत. पुण्याच्या नणंदबाईंचे कुटुंबही बरोबर येणार आहे, परंतु त्यांच्या मुलांना सुट्टी दिवाळीत असते आणि आमच्या मुलांना दसऱ्यात. आठ-नऊ दिवसांसाठी केव्हा आणि कुठे जावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : सुट्ट्यांचा हा पेच सीमाभागातील पुष्कळ घरांना ठाऊक आहे. पोरे एकमेकांना भेटायला आतुर असतात आणि दोन राज्यांच्या शाळांची वेळापत्रके त्यांना वर्षातून एकदाच, मे महिन्यात, एकत्र येऊ देतात. तेव्हा महिना मे हाच धरा, आणि त्यातही पहिला पंधरवडा. मग देशाची निवड आपोआप सोपी होते. मे महिन्यात ग्रीसची हवा उत्तम असते, यात शंका नाही; पण आठ माणसांच्या शेंगेन व्हिसाची कागदपत्रे, वाटेत विमान बदलणे आणि युरोपातला राहण्याचा खर्च पाहता आठ दिवसांच्या सुट्टीसाठी तो उपद्व्याप मी सुचवणार नाही. कंबोडियातील अंकोर हे मंदिरनगर देशाच्या आतल्या भागात आहे आणि समुद्र पार दक्षिणेला. शिवाय एप्रिल-मे हे तिथले सर्वांत तापलेले महिने. श्रीलंकेत मात्र अवशेष आणि समुद्र यांच्यामध्ये मोटारीचा दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. त्यासाठी किनारा तेवढा नीट निवडावा लागतो.

बहुतेक लोक चुकतात ते इथेच. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस मिळतात. मे ते सप्टेंबर या काळातील नैऋत्य मोसमी वारे पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर आदळतात. आपल्या खानापूरच्या जंगलात आणि गोव्यात जूनमध्ये कोसळतो तोच हा पाऊस; तिथे तो थोडा आधी पोहोचतो, एवढाच फरक. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमी वारे येतात आणि ते पूर्व किनारा भिजवतात. म्हणजे जाहिरातींतून नेहमी दिसणारे बेंटोटा, हिक्कडुवा, उनवटुना, मिरिसा हे किनारे मे महिन्यात खवळू लागलेले असतात आणि त्याच वेळी पूर्वेकडील त्रिंकोमाली शांत, निळे आणि उथळ असते. गोव्यात जुलै महिन्यात पोहायला उतरू नका असे आपण पाहुण्यांना सांगतो, तसेच मे महिन्यात मिरिसाला जाऊ नका असे मी आपणांस सांगेन. त्रिंकोमालीच्या उत्तरेला निलावेलीचा किनारा आहे आणि त्याच्यासमोर पिजन आयलंड हे लहानसे बेट. ते राष्ट्रीय उद्यान असून मुखवटा लावून पाण्यात डोके घातले की प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. चौदा वर्षांच्या मुलाला ते कायमचे लक्षात राहील. दोघांनाही प्रवाळावर पाय ठेवू नका असे आधीच बजावून ठेवा. प्रवाळ सजीव असते आणि पायाखाली मोडले की ते पुन्हा वाढायला फार काळ लागतो.

मार्गाची आखणी अशी करावी. बेळगावहून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने, वंदे भारतने किंवा सांबऱ्याहून विमानाने बेंगळूर गाठावे आणि तिथून थेट विमानाने कोलंबोच्या कटुनायके विमानतळावर उतरावे. रेल्वे आणि आंतरराष्ट्रीय विमान यांच्यात निदान अर्ध्या दिवसाचे अंतर ठेवा, कारण बेंगळूरचा विमानतळ शहराबाहेर देवनहळ्ळीला आहे आणि गाडी उशिरा आली तर विमान आपल्यासाठी थांबत नाही. पहिली रात्र विमानतळाजवळच्या नेगोंबोला काढावी. त्यानंतर एक रात्र अनुराधपुराला, तीन रात्री सिगिरिया किंवा हबराणा परिसरात आणि शेवटच्या तीन रात्री निलावेलीला. सिगिरियातील मुक्कामातूनच एक दिवस पोलोन्नरुवाला जाऊन यावे. अंतर साधारण साठ किलोमीटर आहे. अवशेष आधी आणि समुद्र शेवटी हा क्रम बदलू नका. मुले एकदा पाण्यात शिरली की त्यांना बाहेर काढून विटांच्या स्तूपांसमोर उभे करणे कोणत्याही आईला जमणार नाही.

यजमानांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पोलोन्नरुवाला जे दगडी शिवमंदिर आपण पाहाल, ते चोळांच्या काळातील आहे. राजराज चोळाच्या सैन्याने इ. स. ९९३ मध्ये अनुराधपुरावर घाला घातला आणि चोळांनी आपले ठाणे पोलोन्नरुवाला हलवले. पहिल्या विजयबाहूने १०७० मध्ये त्यांना बेटावरून हुसकावले. या विजयबाहूने कर्नाटाच्या राजाकडे, म्हणजे आपल्या मुलखावर राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्यांकडे, भेटी देऊन दूत पाठवले होते. चोळांनी वाटेत त्या दूतांचे नाक-कान कापले, असे सिंहली इतिवृत्त सांगते. पट्टदकल आणि बदामी पाहून वाढलेल्या माणसाला तिथल्या दगडांत आपल्या इतिहासाची दुसरी बाजू सापडते. मला ती सापडली तेव्हा झालेला आनंद अजून विसरलेला नाही.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. कांदा-लसूण खात नाही आणि सूर्यास्तापूर्वी जेवतो. बरोबरच्या शेजाऱ्यांच्या घरात माळकरी मंडळी आहेत. श्रीलंकेत खाण्याचे हाल होतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : हाल होणार नाहीत, पण सावध राहावे लागेल. तिथल्या स्वयंपाकात उंबलकड नावाचा पदार्थ असतो : सुकवून लाकडासारखा कडक केलेला मासा, ज्याचा चुरा चवीपुरता घालतात. खोबऱ्याची लाल चटणी, मसुराची आमटी, पालेभाजी अशा दिसायला पूर्ण शाकाहारी पदार्थांतही तो असू शकतो, आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो मसाला आहे. म्हणून ‘शाकाहारी आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘उंबलकड घातले आहे का’ असे नाव घेऊन विचारावे. पहिल्या जेवणाआधीच हे माळकरी मंडळींना सांगून ठेवा, कारण पहिला घास तोंडात गेल्यावर कळले तर पुढचा सगळा प्रवास मनस्तापात जातो.

त्रिंकोमाली, जाफना आणि कोलंबोतील वेल्लवत्ते भागात तमिळ शैव खाणावळी आहेत. तिथे मांस-मासे शिजतच नाहीत. इडली, डोसा, इडिअप्पम हे पदार्थ आपल्या माणसांना ओळखीचेच आहेत. कांदा-लसूण मात्र तिथेही असतो. त्यामुळे निदान समुद्रकाठच्या मुक्कामासाठी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्या. नारळाच्या दुधात शिजवलेला किरिबात म्हणजे आपला साधा भातच, आणि फणसाच्या भाजीला तर निपाणीकरांची ना असणार नाही. ती घरी आपल्या पद्धतीने करता येईल. रस्त्याकडेला मातीच्या मडक्यांतून म्हशीचे दही विकायला ठेवलेले असते. त्यावर कित्तुल माडाची काकवी ओततात. दही इतके घट्ट असते की मडके तिरपे केले तरी हलत नाही, आणि काकवी त्यात न मिसळता वरच तांबूस तळ्यासारखी साचून राहते. अशा एका मडक्यावर आम्हा दोघांची न्याहारी झाली होती. प्रवासात लागेल म्हणून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या.

सूर्यास्ताची वेळ मात्र आजच नोंदवून ठेवा. श्रीलंका विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे तिथे वर्षभर सूर्य सहा ते साडेसहाच्या आसपास मावळतो. आपल्याकडे मे महिन्यात सात वाजेपर्यंत उजेड असतो आणि त्या सवयीने नियोजन केले तर जेवण चुकेल. घड्याळ मात्र बदलावे लागत नाही. दोन्ही देशांची वेळ एकच आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६८. गुडघे दुखतात. सून व मुलगा सिगिरियाला न्यायचा आग्रह करत आहेत. मला तिथे चढता येईल का? नाही तर मी घरीच राहणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : बाई, घरी मुळीच राहू नका. चढायचे की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर बेळगावातच मिळेल. येत्या महिन्यात दोन-तीन वेळा सकाळी राजहंसगडावर जा. चढून-उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघे काय म्हणतात ते पाहा. सिगिरियाला सुमारे बाराशे पायऱ्या आहेत, त्यांपैकी वरच्या टप्प्यात कड्याला लावलेले अरुंद लोखंडी जिने आहेत आणि मागून लोक येत असल्यामुळे मनासारखे थांबता येत नाही. राजहंसगडानंतर सूज आली, तर सिगिरियाचा माथा मनातून काढून टाका.

परंतु सिगिरिया म्हणजे केवळ माथा नव्हे. पाचव्या शतकात काश्यप राजाने त्या सुमारे दोनशे मीटर उंच खडकावर राजवाडा बांधला, आणि खडकाच्या पायथ्याशी पाण्याच्या बागा आखल्या. त्या जवळजवळ सपाट आहेत, त्यांतील काही कारंजी पावसाळ्यात आजही उडतात, आणि सकाळी लवकर गेल्यास तिथे कोवळ्या उन्हात समोर उभा खडक पाहत बसण्यासारखे सुख नाही. पायथ्याच्या संग्रहालयात भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत. मूळ चित्रांपाशी तर छायाचित्र घेण्यासही बंदी आहे. आपण भाषा शिकवली असेल तर ‘आरसा-भिंती’ची हकिगत आपणांस विशेष आवडेल. आठव्या शतकापासून पुढे तिथे आलेल्या प्रवाशांनी ती चित्रे पाहून त्या गुळगुळीत भिंतीवर कविता कोरल्या. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतील ६८५ कविता वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. राजे, भिक्षू, सैनिक, गृहिणी अशा नाना तऱ्हेच्या माणसांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी लिहिलेली ती प्रवासवर्णनेच आहेत. मुलगा आणि सून वर जातील तेवढ्या वेळात आपण हे सारे निवांत पाहू शकाल. खडकावर गांधीलमाश्यांची मोठी पोळी असतात आणि शांतता राखा अशा पाट्या लावलेल्या आहेत. मुलांना आरडाओरडा न करण्याची ताकीद तेवढी द्या.

अनुराधपुरा आणि पोलोन्नरुवा ही दोन्ही नगरे सपाट मैदानावर आहेत. वाहन बहुतेक स्थळांच्या जवळपर्यंत जाते. अडचण येते ती पायांखालच्या दगडाची. प्रत्येक पवित्र वास्तूच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात आणि सकाळी दहानंतर तिथली फरसबंदी तव्यासारखी तापते. रुवन्वेलिसाय स्तूपाभोवती मी अनवाणी अर्धी प्रदक्षिणा कशीबशी केली आणि उरलेली अर्धी करताना एका सिंहली आजींनी माझ्याकडे पाहून स्वतःच्या पायांकडे बोट दाखवले : त्यांनी जाड सुती मोजे घातले होते. मोजे चालतात. दोन जोड पिशवीत ठेवा, आणि खांदे व गुडघे झाकणारे फिके कपडे घाला. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणे तिथे अवमानकारक मानतात, हे नातवंडांनाही समजावून सांगा.

पोलोन्नरुवातील गल विहाराला मात्र घाई करू नका. सिंहलीत ‘गल’ म्हणजे दगड. एकाच लांबट खडकात बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूच्या काळात चार बुद्धमूर्ती कोरल्या, त्यांतील पहुडलेली मूर्ती सुमारे चौदा मीटर लांब आहे. समोर बसा आणि उशीकडे पाहा. डोक्याच्या भाराने उशी जिथे दबते, तिथे दगडालाही खोलगट वळण दिले आहे. मग पायांकडे पाहा : डावे पाऊल उजव्यापेक्षा किंचित मागे सरलेले आहे. ही झोप नसून महापरिनिर्वाण आहे, हे शिल्पकाराने तेवढ्या दोन-चार बोटांच्या अंतराने सांगितले आहे. खडकातील करड्या रेषा गालावरून आणि चिवराच्या चुण्यांवरून सलग वाहत जातात. तिथे मी पाऊण तास बसले होते आणि त्या पाऊण तासात गुडघ्यांना काहीही करावे लागले नाही.

जवळच वटदागे नावाचे वाटोळे मंदिर आहे. हा ‘वट’ आणि आपला ‘वाटोळा’ एकाच प्राकृत मुळाचे. त्याच्या पायरीशी अर्धवर्तुळाकार कोरीव शिळा दिसेल. हलशीच्या देवळात किंवा किल्ल्यातील कमल बस्तीत आपण जी चंद्रशिला ओलांडून आत जातो, तिचीच ही नातलग. अनुराधपुरातील अशा शिळांवर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल असतात. पोलोन्नरुवात बैल गळून पडला आहे. हिंदू प्रभावामुळे नंदीवर पाय पडू नये म्हणून तो काढला, असा अर्थ अभ्यासक लावतात. दोन्ही ठिकाणी वाकून स्वतः मोजून पाहा.

प्रश्न : आमच्या घरात वडिलांचे नाव ज्ञानेश्वर. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत ते ‘डी’ने सुरू होते आणि आधार कार्डावर ‘जे’ने. पासपोर्ट मिळेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : मिळेल, पण अर्जाआधी कागद जुळवून घ्या. ‘ज्ञ’चा उच्चार मराठीत एक आणि कन्नडमध्ये दुसरा, त्यामुळे मराठी शाळेच्या नोंदीवरून झालेले इंग्रजी स्पेलिंग आणि कन्नड नोंदीवरून झालेले स्पेलिंग वेगळे पडते. चौगुले या आडनावाचेही तसेच. एकाच घरात तीन स्पेलिंगे मी पाहिली आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेवरील स्पेलिंग प्रमाण धरावे, कारण ती बदलणे सर्वांत अवघड असते, आणि आधार व पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. दुरुस्त आधार हातात आल्यावरच पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज भरावा. वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर लिहू नका, नाव पूर्ण लिहा. आपला जिल्हा बेंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. भेटीची वेळ बेळगावच्या टपाल कार्यालयातील केंद्राची घेता येते. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो, लहान मुलांचा पाच वर्षे किंवा वयाची अठरा पूर्ण होईपर्यंत. म्हणून मुलांच्या मुदती आताच तपासा, कारण प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. विमानाचे तिकीट काढताना पासपोर्टवरील स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. श्रीलंकेसाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. तिचे शुल्क व नियम बदलत असतात, त्यामुळे तिकिटाआधी ते तिथेच पाहून घ्यावेत. पुरातन स्थळांची तिकिटे काढतानाही पासपोर्ट जवळ ठेवा, कारण सार्क देशांच्या नागरिकांना तिथे सवलतीचा दर असतो.

प्रश्न : डिसेंबरमध्ये लग्नानंतर पाच रात्रींसाठी जायचे आहे. एजंटाने सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, गॉल आणि कोलंबो असा कार्यक्रम दिला आहे. तो ठीक आहे का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : नाही. पाच रात्रींत सात ठिकाणे म्हणजे मधुचंद्राचा निम्मा वेळ मोटारीत. नकाशावर बेट लहान दिसते, पण डोंगरातील रस्ते वळणावळणाचे आणि संथ आहेत. माझा पहिला प्रवास अशाच एका कार्यक्रमावर विश्वासून झाला. त्या वेळी पोलोन्नरुवा मी गाडीच्या काचेतून पाहिले आणि पुन्हा जाईपर्यंत त्याची रुखरुख राहिली. शिवाय २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळाने डोंगराळ भागातील रस्ते व रेल्वेमार्गांचे मोठे नुकसान केले होते, त्यामुळे एल्लाकडे जाण्याआधी मार्गाची स्थिती विचारणे आवश्यक आहे.

डिसेंबरमध्ये दक्षिण किनारा योग्य. दोन रात्री सिगिरिया-दंबुल्ल येथे आणि तीन रात्री गॉल किंवा उनवटुना येथे राहा, बाकी सर्व काढून टाका. कोलंबोच्या पुढे गॉलपर्यंत द्रुतगती मार्ग आहे. गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये बांधायला घेतला, डचांनी १६४० मध्ये जिंकून वाढवला आणि त्याच्या तटामुळे २००४ च्या त्सुनामीत आतली जुनी वस्ती बरीचशी वाचली. उन्हे उतरली की गावकरीही त्या तटावर फिरायला येतात; तुम्ही दोघेही जा. पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी मद्य व मांस विकले जात नाही, हे तारखा ठरवताना लक्षात घ्या. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाणी कितीही शांत दिसले तरी उतरू नका. आत ओढणारा प्रवाह वरून दिसत नाही. आणि एजंटाकडून प्रत्येक दिवशी मोटारीत किती तास जाणार, ते लेखी घ्या. कोणत्याही दिवशी तो आकडा पाचाच्या वर गेला, तर त्या दिवसातील एक ठिकाण खोडून कागद परत पाठवा.